नव्या गळ्याचा ब्लॅक सॅबथ

ब्लॅक सॅबथने ओझी ऑझबर्नला काढायचे ठरवले, तेव्हा ही बातमी त्याला सांगायची कोणी, हा पेच होता. १९७९च्या एप्रिलचा शेवट. नव्या अल्बमची गाणी बांधायची म्हणून बँड लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात एका बंगल्यात मुक्काम ठोकून होता. महिनेच्या महिने जात होते आणि गाणी होत नव्हती. गिटारवादक टोनी आयोमी नव्या चाली काढून वाट बघत बसायचा. गायक कधी यायचा, कधी यायचाच नाही आणि आला तरी शुद्धीवर असेलच याची खात्री नसायची. दारू आणि कोकेन चौघांनाही चुकलेले नव्हते, पण काम अडत होते ते गाण्याच्या जागी. शेवटी निर्णय आयोमीने घेतला. निरोप पोचवायची वेळ ड्रमर बिल वॉर्डवर आली, कारण चौघांत ओझीच्या सर्वांत जवळचा तोच होता.

दहा वर्षे आणि आठ स्टुडिओ अल्बम इतका हा संसार होता. गिटारवाला बदलला, ड्रमर बदलला तर ऐकणारे चालवून घेतात. गायक बदलला की बँडचे नुसते नाव उरते, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८० मध्ये, 'हेवन अँड हेल' बाजारात आला आणि ब्रिटनच्या यादीत नवव्या, अमेरिकेच्या यादीत अठ्ठाविसाव्या क्रमांकापर्यंत पोचला. आधीचा, ओझीसोबतचा शेवटचा अल्बम अमेरिकेत एकोणसत्तरावर अडकला होता. मोडकळीला आलेला बँड वर्षभरात उभा राहिला तो केवळ चांगला गायक मिळाला म्हणून नव्हे. नव्या गायकासाठी त्या लोकांनी गाणे बांधायची आपली जुनी रीतच मोडली, आणि ते धाडस गायक शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड होते.

ती जुनी रीत घडली होती बर्मिंगहॅममध्ये. टाचणीपासून बंदुकीपर्यंत आणि कुलपापासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत काय वाटेल ते बनवणारे हे शहर. त्यातला ॲस्टन हा कामगारांचा भाग, दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून विद्रूप झालेला. चौघेही तिथलेच, १९४८-४९ या दोन वर्षांत जन्मलेले. ओझीने कत्तलखान्यात काम केले होते, कारखान्यात मोटारींचे हॉर्न जुळवण्याचेही काम केले होते. बासवादक गीझर बटलर हिशेबनिसाच्या नोकरीत होता. आणि आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता, जिथे सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली.

आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टरांनी गिटारचा नाद सोड म्हणून सांगितले. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. आगीत होरपळलेल्या डाव्या हाताच्या दोनच बोटांवर सगळी करामत करणारा तो जिप्सी गिटारवादक. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना बसतील अशा टोप्या घडवल्या, घासून घासून मापात आणल्या आणि तार निसटू नये म्हणून त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटवले. जाड तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या बारीक तारा लावून बघितल्या. पुढे तारा आणखी सैल करून गिटार खालच्या सुरात उतरवली. स्वर जड झाले, खोल झाले. टोपीखालच्या बोटांना तार जाणवत नसल्यामुळे त्याचे वाजवणेही निराळे झाले: कमी स्वर, पण प्रत्येक स्वर ठासून. हेवी मेटल म्हणून जो नाद आज जगभर ओळखला जातो, त्याची एक मुख्य धार या दुखऱ्या बोटांतून निघाली आहे.

या नादावर ओझी गायचा कसा, हे नीट ऐकण्यासारखे आहे. आपल्या बैठकीत पेटीवाला गायकाच्या मागे जातो. सॅबथमध्ये गायक गिटारच्या मागे जायचा. 'आयर्न मॅन' घ्या. गिटारची जी ओळ, तीच गळ्याची ओळ, स्वरास स्वर. आवाजाचा पल्ला मोठा नाही, हरकती नाहीत. पण त्या सरळ, भेदरलेल्या, काहीशा अनुनासिक आवाजात एक खरेपणा होता. शब्द बहुतेक बटलर लिहायचा: युद्ध, अणुबाँब, व्यसन, डोके फिरल्याची भीती. आयोमीची चाल, बटलरचे शब्द आणि ओझीचा गळा अशी ही वाटणी होती. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० च्या शुक्रवारी बाहेर पडला. त्याच वर्षीचा 'पॅरनॉइड' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ओझीच्या जागी दुसऱ्या कोणाची कल्पना करणे कठीण होते ते यामुळेच. तो नुसता गायक नव्हता, त्या सगळ्या बांधणीचा एक खांब होता.

१९७५ नंतर बांधणी खिळखिळी झाली. 'टेक्निकल एक्स्टसी' आणि 'नेव्हर से डाय!' या अल्बमांत आयोमी नवे काही धुंडाळत होता, ओझीला ते रुचत नव्हते. १९७७च्या अखेरीस ओझी एकदा सोडूनही गेला. तेव्हा डेव्ह वॉकर या बर्मिंगहॅम परिसरातल्याच गायकाला घेतले, त्याच्यासोबत बीबीसीच्या एका कार्यक्रमात वाजवलेही. पण काही आठवड्यांत ओझी परतला आणि वॉकरचे नाव तळटीपेत गेले. १९७८च्या दौऱ्यात आधी वाजवायला व्हॅन हेलन हा नवा अमेरिकन बँड होता. तो रोज रात्री असा धुमाकूळ घालायचा की नंतर येणारे सॅबथ थकलेले दिसायचे.

वॉकरचा हा छोटा प्रसंग महत्त्वाचा आहे. जुन्या साच्यात दुसरा गळा बसवून बघितला आणि तो बसला नाही, ही गोष्ट आयोमीला दीड वर्ष आधीच कळलेली होती.

रॉनी जेम्स डिओचे नाव सुचवले शेरॉनने. ती व्यवस्थापक डॉन आर्डनची मुलगी. हीच शेरॉन पुढे ओझीची व्यवस्थापक आणि बायको झाली. डिओ मूळचा रोनाल्ड पॅडवोना, इटालियन कुटुंबातला. जन्म १९४२ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथचा. वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड या लहान गावात. म्हणजे सॅबथच्या चौघांपेक्षा तो सहा-सात वर्षांनी मोठा. पन्नासच्या दशकापासून तो शाळकरी पोरांच्या बँडांत वाजवत-गात आला होता. लहानपणी ट्रंपेट शिकला होता, आणि दमसास कसा राखायचा ते आपण त्या वाद्याकडून शिकलो असे सांगायचा. गाण्याची तालीम अशी कधी घेतली नाही. एल्फ नावाचा त्याचा बँड डीप पर्पलच्या आधी वाजवायचा. तिथे त्या बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याने त्याला हेरले आणि १९७५ मध्ये रेनबो हा बँड उभा राहिला. तीन स्टुडिओ अल्बमांनंतर ब्लॅकमोरला रेडिओवर चालतील अशी सोपी गाणी हवी झाली, डिओला ती नको होती. १९७९ मध्ये तोही मोकळाच होता.

आयोमी आणि डिओ एकत्र बसले तेव्हा आयोमीकडे एक अर्धवट चाल पडून होती. ओझीने तिच्यावर काही गाऊन ठेवले होते, वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या सुरात, असे आयोमीने पुढे सांगितले आहे. डिओने ती चाल ऐकली, थोडा वेळ कोपऱ्यात बसून लिहिले आणि गायला उभा राहिला. ते 'चिल्ड्रन ऑफ द सी'. सुरुवातीला गिटारचे हलके, सुटे स्वर, त्यावर शांत गळा. मग जड रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पडते आणि गळा तिच्या सोबतीने न जाता तिच्या वरून, आडवा, लांब ओळी घेत निघतो. गिटार एक सांगते, गळा दुसरे सांगतो, आणि दोन्ही मिळून एक गाणे होते. सॅबथच्या गाण्यात असे आजवर झाले नव्हते.

आयोमीला याचा अर्थ लगेच कळला असला पाहिजे. आजवर रिफ हेच गाणे होते. आता गायकासाठी जागा ठेवायची तर रिफखाली सुरावटींचा पट अंथरावा लागणार, कुठे गिटार मागे घ्यावी लागणार, कुठे पूर्ण थांबवावी लागणार. बोटे गमावून स्वतःची पद्धत घडवलेल्या माणसाने बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ती बदलायची! आणि ज्याच्या गिटारवर दहा वर्षे बँड चालला, त्यानेच मागे सरायचे. आयोमीचा हा मोठेपणा या अल्बमच्या गोष्टीत पुरेसा सांगितला जात नाही.

बाकीची घडी मात्र विस्कटलेलीच होती. बटलर घरच्या अडचणींमुळे, घटस्फोटाच्या काळात, बँड सोडून इंग्लंडला गेला. काही दिवस बासही डिओनेच वाजवला. मग बर्मिंगहॅमच्याच क्वार्ट्झ बँडमधला जेफ निकल्स आला. तो आधी बासवर होता आणि पुढे की-बोर्डवर स्थिरावला. डिओचा जुना सोबती क्रेग ग्रूबर याच्यासोबतही काम झाले. बॅरी गिब या बी जीजच्या गायकाच्या मायामीतल्या घरात मुक्काम आणि क्रायटेरिया स्टुडिओत ध्वनिमुद्रण असा बेत ठरला. ध्वनिमुद्रणाच्या वेळेपर्यंत बटलर परत आला. शब्द लिहिण्याचे काम आता त्याच्याकडे राहिले नव्हते, ते डिओने घेतले. बटलरने त्याची तक्रार केली नाही, उलट सुटलो असेच मानले. त्याचा या अल्बममधला बास ऐकला तर हे पटते. शब्दांतून मोकळा झालेला माणूस वाजवण्यात जीव ओतताना ऐकू येतो.

मार्टिन बर्च हे नाव अल्बमच्या पाठीमागे निर्माता म्हणून छापलेले आहे. सॅबथचे सुरुवातीचे अल्बम रॉजर बेनने केले. त्यानंतर बँड, म्हणजे मुख्यतः आयोमी, स्वतःच ते काम ओढत होता. इतक्या वर्षांनी प्रथमच बाहेरच्या माणसाच्या हाती सूत्रे दिली. बर्चने डिओला रेनबोच्या पहिल्या अल्बमपासून ध्वनिमुद्रित केले होते, त्यामुळे त्या आवाजाला किती जागा लागते हे त्याला ठाऊक होते. सॅबथच्या सत्तरच्या दशकातल्या अल्बमांत एक काळवंडलेला दाटपणा आहे. बर्चने तो दाटपणा ठेवला आणि त्याला कडा दिल्या. ड्रम्स कुठे आहेत, बास कुठे आहे, गळा कुठे उभा आहे, हे स्वच्छ दिसू लागले.

अल्बमचे शीर्षकगीत जवळजवळ सात मिनिटांचे आहे, आणि एवढे एकच गाणे लक्ष देऊन ऐकले तरी सगळी कथा कळते. सुरुवातीला आयोमीची भारदस्त, पायऱ्या चढल्यासारखी रिफ. मग कडवे सुरू होते आणि गिटार जवळपास गायब. खाली बटलरचा बास एकाच स्वरावर धडधडत राहतो, वॉर्डचे ड्रम्स त्याला बांधून ठेवतात आणि त्या मोकळ्या मैदानात डिओ एकटा उभा राहून गातो. ब्लॅक सॅबथच्या गाण्यात गायक गातो आहे आणि आयोमी गप्प आहे! पाच वर्षांपूर्वी हे अशक्य होते. मधे आयोमीचा लांब, सुरेल एकल तुकडा येतो. तो घाईत नाही, शक्तिप्रदर्शनही करत नाही. डिओने सोडलेली ओळ पुढे नेल्यासारखा वाजतो. मग अचानक लय वाढते, सगळे गाणे धावत सुटते आणि शेवटी सगळे विरून एक साधी, शास्त्रीय वळणाची गिटार तेवढी उरते. पुढच्या काळात मैफिलींत हे गाणे पंधरा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढत गेले.

'निऑन नाइट्स' हे अल्बमचे पहिले गाणे पॅरिसच्या फर्बर स्टुडिओत, अगदी शेवटी झाले. वेगवान, कापत जाणारे. 'डाय यंग' त्याच जातीचे. 'लोनली इज द वर्ड' संथ आणि उदास, त्यात आयोमीने ब्लूजचे जुने प्रेम उघडे केले आहे. आठ गाण्यांत 'लेडी ईव्हिल' आणि 'वॉक अवे' ही दोन बाकीच्यांच्या तोडीची नाहीत. पण त्यांनी अल्बमचे वजन घटत नाही. वेष्टनावर लिन कर्ली या चित्रकाराचे चित्र घेतले: तीन देवदूत पत्ते खेळत सिगारेट ओढत बसले आहेत. १९२८ च्या एका छायाचित्रावरून, देवदूतांच्या पोशाखात रंगमंचामागे सिगारेट ओढणाऱ्या तरुणींच्या छायाचित्रावरून, ते सुचले होते.

मैफिलींत पेच वेगळा होता. तिकीट काढून आलेल्यांतले कितीतरी जण ओझीसाठी वाढलेले होते, काही जण त्याच्याच नावाने ओरडायचे. ओझी दोन्ही हातांनी दोन बोटांची शांततेची खूण करायचा. ती डिओने उचलली असती तर नक्कल झाली असती. काही खूण तर हवी होती. म्हणून त्याने आपल्या इटालियन आजीची खूण काढली: मधली दोन बोटे दुमडायची, तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवायची. रस्त्याने जाताना कोणाची दृष्ट लागू नये म्हणून, किंवा उलटवावी म्हणून, आजी ती करायची. ही खूण आपण शोधली असे डिओ कधी म्हणाला नाही. ती त्याच्याआधीही दिसते. पण मेटलच्या प्रत्येक मैफलीत आज हजारो हात जी खूण उंचावतात, ती त्या गर्दीत रुजली ती १९८० च्या या दौऱ्यापासून.

त्याच दौऱ्यात वॉर्ड सुटला. वर्षभरात त्याने आई-वडील गमावले होते आणि दारूने त्याचा ताबा घेतला होता. 'हेवन अँड हेल'चे ध्वनिमुद्रण आपल्याला आठवतच नाही, असे त्याने नंतर प्रांजळपणे सांगितले आहे. ऑगस्ट १९८० मध्ये डेन्व्हरच्या कार्यक्रमाआधी तो निघून गेला. ज्याने मित्राला बाहेर जायला सांगितले होते, त्यालाही त्या मित्राविना तिथे राहवले नाही. विनी ॲपिसीला घाईघाईने बोलावले आणि महिनाअखेरीस हवाईच्या अलोहा स्टेडियममध्ये तो सॅबथचा ड्रमर म्हणून बसला.

१९८० हे साल ब्रिटिश मेटलमध्ये विलक्षणच होते. वर्षाच्या सुरुवातीला पोलाद कामगारांचा देशव्यापी संप तीन महिने चालला. एप्रिलमध्ये जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' आणि आयर्न मेडनचा पहिला अल्बम एकाच दिवशी, १४ तारखेला, आले. कारखाने बंद पडत होते आणि त्याच गावांतली पोरे गिटारी घेऊन बाहेर पडत होती. त्यांच्या दृष्टीने सॅबथ म्हणजे मागच्या पिढीतले वडीलधारे. 'हेवन अँड हेल' नसता तर त्या गर्दीत सॅबथ आदराने नाव घेण्यापुरते उरले असते. सप्टेंबरमध्ये ओझीचा स्वतःचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आला, रँडी रोड्स या तरुण गिटारवादकासोबत, आणि तोही उत्तम निघाला. एका मोडलेल्या घराची दोन भक्कम घरे झाली.

त्याच वर्षी एसी/डीसी या बँडनेही गायक बदलला, आणि तो वेगळा धडा आहे. बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये वारला. न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आला, बहामाच्या कंपास पॉइंट स्टुडिओत काम झाले आणि जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' आला, जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक. बँडचे गिटारवादक यंग बंधू यांनी गाणे बांधायची पद्धत तसूभरही बदलली नाही. त्यांना ते साधले, कारण तिथे दुःख होते, भांडण नव्हते. लोक त्यांच्या बाजूने उभे होते आणि जॉन्सन हा बॉननेच कधीकाळी वाखाणलेला, त्याच घाटाचा गायक होता. सॅबथचा जुना गायक जिवंत होता, चिडलेला होता आणि समोरच दुकान मांडून बसणार होता. सारखा आवाज आणला असता तर रोज तुलना झाली असती आणि रोज हार.

मार्टिन बर्चच्या कामाचा माग काढला तर गायकासोबत गाणेही बदलण्याची ही रीत किती जुनी हे कळते. डीप पर्पलने रॉड इव्हान्सच्या जागी इयन गिलनला आणले, तेव्हाच्या 'इन रॉक'च्या ध्वनिमुद्रणात बर्च होता. गिलन गेल्यावर डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज यांच्यासोबत १९७४ मध्ये 'बर्न' झाला, तिथेही बर्च होता. मग सॅबथ आणि डिओ. मग आयर्न मेडनने पॉल डिॲनोला काढून ब्रूस डिकिन्सनला घेतले आणि १९८२ मध्ये 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, निर्माता बर्चच. चार वेळा तीन बँडांचा गळा बदलला आणि चारही वेळा काचेच्या पलीकडे हाच माणूस बसलेला. डिकिन्सनच्या बाबतीतही सूत्र तेच दिसते. डिॲनोचा खरबरीत, रस्त्यावरचा आवाज जाऊन उंच, नाट्यमय गळा आला आणि मेडनचा बासवादक स्टीव्ह हॅरिस लांब पल्ल्याची, कथा सांगणारी गाणी लिहू लागला. त्याच डिकिन्सनने १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मेडनच्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवात केली. बँडचे बोइंग विमान स्वतः चालवणारा हा वैमानिक-गायक बदली म्हणून आला होता, हे त्या रात्री कोणाच्या ध्यानीमनीही नसेल.

उलटे उदाहरण जुडास प्रीस्टचे. गायक रॉब हॅलफर्ड १९९२ मध्ये बँड सोडून गेला. चार वर्षांनी बँडने ओहायोतल्या ॲक्रनचा टिम ओवेन्स निवडला, जो प्रीस्टचीच गाणी हुबेहूब गाणाऱ्या बँडमध्ये गात होता. ओवेन्सचा गळा तयारीचा, मेहनत प्रामाणिक. पण ज्याला साम्यासाठी निवडले त्याला स्वतःचे घर बांधायला मिळाले नाही. 'जुग्युलेटर' आणि 'डिमॉलिशन' हे दोन अल्बम झाले आणि २००३ मध्ये हॅलफर्ड परत आल्यावर त्याला जागा सोडावी लागली. जर्मनीच्या ॲक्सेप्टला मात्र जमले. हा बँड चाकू-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन गावचा. चौदा वर्षे त्यांचा नवा अल्बम नव्हता. २०१० मध्ये न्यू जर्सीच्या मार्क टॉर्निलोसोबत 'ब्लड ऑफ द नेशन्स' आला आणि जुने चाहते परतले, नवे मिळाले. टॉर्निलोच्या आवाजात जुना गायक उडो डिर्कश्नायडर याची खरखर आहे, पण त्याला हळुवार गाताही येते, आणि बँडने ती मुभा लगेच वापरली.

डिओसोबतचे सॅबथचे घर मात्र फार टिकले नाही. १९८१ मध्ये 'मॉब रूल्स' आला. १९८२ मध्ये मैफिलींच्या अल्बमचे मिश्रण करताना गळ्याचा आवाज कोण वाढवतो आणि गिटारचा कोण, यावरून संशय वाढला आणि डिओ व ॲपिसी बाहेर पडले. गायकाला जागा करून देणारा गिटारवादक आणि ती जागा व्यापणारा गायक अखेर जागेवरूनच भांडले. १९९२ मध्ये 'डीह्युमनायझर'साठी पुन्हा जुळले, पुन्हा तुटले.

बर्मिंगहॅमच्या आठवणीत डिओ नाही. ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला २०१९ मध्ये ब्लॅक सॅबथचे नाव दिले आणि तिथे बाक बसवला. त्यावर चेहरे आहेत ते पहिल्या चौघांचे. २००६ मध्ये अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडला मान मिळाला, तोही चौघांनाच. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानावर शेवटची मैफल झाली तीही या चौघांची, आणि १७ दिवसांनी ओझी गेला. शहराने आपल्या पोरांना उचलून धरले यात गैर काही नाही. पण हॉल ऑफ फेमसारख्या संस्थेने डिओला बाहेर ठेवणे अन्याय्य आहे. त्याचा पुतळा आहे तो बल्गेरियातल्या काव्हार्ना गावी, आणि कॉर्टलंडमध्ये एका रस्त्याला त्याचे नाव आहे.

आयोमी, बटलर, डिओ आणि ॲपिसी २००६ नंतर पुन्हा एकत्र आले. सॅबथ हे नाव ओझीच्या वेळच्या संचासाठी राखून त्यांनी बँडला नाव दिले 'हेवन अँड हेल'. २००९ मध्ये त्यांचा 'द डेव्हिल यू नो' हा अल्बम आला तेव्हा डिओ सहासष्ट वर्षांचा होता आणि आवाज शाबूत होता. त्याच वर्षाअखेर पोटाच्या कर्करोगाचे निदान झाले. १६ मे २०१० रोजी तो ह्यूस्टनमध्ये वारला. बँडने त्या जुलैमध्ये लंडनच्या हाय व्होल्टेज महोत्सवात त्याच्या स्मरणार्थ एकच कार्यक्रम केला. गायला दोघांना बोलावले: नॉर्वेचा यॉर्न लांडे आणि 'बर्न'वाला ग्लेन ह्यूज, जो मधे १९८६ मध्ये सॅबथच्या नावावर आलेल्या 'सेव्हन्थ स्टार' या अल्बमवरही गायला होता. त्या दिवसानंतर आयोमी आणि बटलर यांनी त्या नावाने पुन्हा वाजवले नाही.